तिसरी विकेट

दादरच्या साठी ओलांडलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, फेब्रुवारी १९८८ मध्ये तो आझाद मैदानावर होता. त्या दिवशी ऑफिसच्या हजेरीपटावर त्याची सही असेल, पण तो मैदानावर होता. एवढी माणसं खरोखर जमली असती तर चेंडू सीमारेषेपर्यंत पोचलाच नसता आणि ती ६६४ धावांची भागीदारी चाळिसाच्या आसपास आटोपली असती.

शालेय क्रिकेटमधल्या हॅरिस शिल्डची उपांत्य फेरी. दादरचं शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. दोन बाद ८४ वर चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर मैदानात उतरला. समोर सोळा वर्षांचा विनोद कांबळी. त्यानंतर विकेट पडायची बंद झाली. दोन बाद ७४८ वर डाव घोषित झाला तेव्हा विनोद नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६.

आमच्या कट्ट्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. ३४९ आणि ३२६ मिळून ६७५ होतात, मग भागीदारी ६६४ ची कशी, हा त्यांचा आक्षेप गेली कित्येक वर्षं प्रलंबित आहे. विनोद सचिनच्या आधीपासून खेळत होता, हे त्यांना दर पावसाळ्यात एकदा समजावून सांगावं लागतं. ते मान डोलावतात, पण हिशेबात काहीतरी गडबड आहे हा संशय त्यांच्या चेहऱ्यावरून जात नाही.

खरी गोष्ट डाव घोषित करण्याची आहे. शारदाश्रमचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांचा निरोप होता की पुरे झालं, आता सोडा. त्यांचे सहायक सीमारेषेवरून हातवारे करत होते आणि ही दोन कार्टी खेळपट्टीवर गाणी म्हणत तिकडे पाठ फिरवत होती. शेवटी जेवणाच्या सुट्टीत सरांना फोन लावला गेला. विनोदला साडेतीनशेला एकच धाव हवी होती. सरांनी ती दिली नाही. मग विनोदने चेंडू हातात घेतला, ३७ धावांत सहा जणांना बाद केलं आणि झेवियर्सचा डाव १४५ वर संपला. एका धावेचा राग एवढा महाग पडल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

झेवियर्सच्या पोरांचं काय झालं, हे मात्र कट्ट्यावर कुणी विचारत नाही. त्यांच्यात साईराज बहुतुले नावाचा लेगस्पिनर होता. त्याला १८२ धावा चोपल्या गेल्या, विकेट एकही नाही. दुसरा कुणी असता तर त्याच संध्याकाळी कॉमर्सला जायचं ठरवून मोकळा झाला असता. हा पुढे त्या दोघांच्याच मुंबईच्या संघात शिरला, प्रथम श्रेणीत सहाशेहून अधिक बळी घेतले, दोन कसोट्या खेळला आणि आता इतरांना फिरकी शिकवतो. मार कसा खायचा हा विषय शिकवायला त्याच्याहून अधिकारी माणूस कुठून आणणार?

शारदाश्रमच्या त्या पिढीकडे बघताना आम्ही दादरकर एक खोडी करतो. प्रत्येकाचं पुढचं सगळं आयुष्य शाळेच्या स्कोअरबुकात घुसवून बघतो. प्रवीण अमरे त्या दोघांना सिनियर. १९९२ मध्ये डरबनला पदार्पणातच शतक, पण कसोट्या अकरा. नंतर तो असा प्रशिक्षक झाला की फॉर्म हरवलेला अजिंक्य रहाणेसुद्धा त्याच्याकडे धाव घेऊ लागला. तरी काकांच्या मते अमरे म्हणजे ‘सचिनला चांगले बूट घेऊन देणारा’. अजित आगरकरने एकदिवसीय सामन्यांतले पन्नास बळी २३ सामन्यांत पुरे केले, तो तेव्हाचा विक्रम. लॉर्ड्सवर कसोटी शतक ठोकलं, आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध शून्यांची माळही गुंफली. २०२३ पासून तो निवड समितीचा अध्यक्ष आहे. संघ जाहीर झाला की देशातली निम्मी माणसं त्याला शिव्या घालतात, आणि शिवाजी पार्कात ‘आपला अजित’ म्हणून घालतात.

सचिनचं पुढे काय झालं हे लिहून मासिकाची जागा अडवत नाही.

विनोदचं मात्र अवघड आहे. १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोट्यांत द्विशतकं. १७ कसोट्यांची सरासरी ५४.२०, म्हणजे सचिनच्या ५३.७८ पेक्षा जास्त; काका हे आकडे नाडीपरीक्षा केल्यासारखे सावकाश सांगतात. शेवटची कसोटी खेळला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. मग सिनेमा झाला, विधानसभेची निवडणूक झाली, आजारपणं झाली. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कात सरांच्या स्मारकाच्या कार्यक्रमात त्याला सचिनचा हात धरून बसलेला पाहिलं आणि काकांनी सरासरीचा विषय त्या आठवड्यापुरता बंद ठेवला.

आता तिसरी विकेट. ती पडली की अमोल मुझुमदारने मैदानात जायचं होतं. वय वर्षं तेरा. तो पॅड बांधून बसला. पूर्वी एकदा सचिन सरावाच्या मॅचला दांडी मारून शाळेच्या मोठ्या मुलांची मॅच बघायला गेला होता तेव्हा सरांनी त्याच्या थोबाडीत दिली होती. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, असा त्याचा अर्थ. अमोलला दीड दिवस टाळ्या वाजवण्यावाचून दुसरा उद्योगच नव्हता, आणि थोबाडीत मारून सोडवायला सरही जवळपास नसावेत.

आणि ही काही एका मॅचची गोष्ट राहिली नाही. रणजी पदार्पणात त्याने २६० धावा केल्या, प्रथम श्रेणी पदार्पणातला तेव्हाचा जागतिक विक्रम. लोक त्याला ‘नवा तेंडुलकर’ म्हणू लागले. जुना अजून विशीच्या उंबरठ्यावर होता आणि जागा सोडण्याचा त्याचा कसलाही विचार दिसत नव्हता. मधल्या फळीत मग द्रविड आला, गांगुली आला, लक्ष्मण आला. अमोलने ११,१६७ धावा केल्या, तीस शतकं केली, २००६-०७ मध्ये कर्णधार म्हणून मुंबईला रणजी करंडक मिळवून दिला, पुढे आसामकडून, आंध्रकडूनही खेळला. भारताकडून एकही सामना नाही. शारदाश्रमच्या अंगणात नुसता दगड भिरकावला तरी तो कसोटीपटूला लागेल अशी परिस्थिती असताना हा मात्र कोरा राहिला.

२०२३ मध्ये तो भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक झाला. २०२५ च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ केल्या, आणि आपल्या मुलींसाठी त्याने फळ्यावर लिहिलं की आपल्याला त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त हवी आहे. आचरेकर सरांच्या शिष्याने एक धाव मागावी, हे विनोदने वाचलं असेल तर तो खुदकन हसला असेल. जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ करून ती काढली. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत अंतिम सामना झाला. दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय.

आमची आत्या त्या रात्री जागी होती. कर्णधार हरमनप्रीत अमोलच्या पाया पडली तेव्हा तिने चष्मा पुसला.

“हा कोण रे?”

“कोच. आपल्या शारदाश्रमचा.”

“इंडियाकडून खेळलेला?”

“नाही.”

“खेळता येत नव्हतं?”

“अकरा हजारांवर रन आहेत गं.”

आत्या विचारात पडली. “मग शाळेत कुणाशी भांडला होता का?”

“नाही गं. नंबरच लागला नाही.”

हे तिला लगेच पटलं. “आमचं रॉकेलच्या लायनीत अगदी असंच व्हायचं. तासन्‌तास उभं राहायचं आणि आपला नंबर आला की पिंप रिकामं.” मग तिने टीव्हीकडे नीट पाहिलं. “आई आहे का रे त्याची?”

“का गं?”

“नाही, म्हणजे जेवला का विचारलं कुणी त्याला? सकाळपासून उभाच दिसतोय.”