सारे विभाग एका रांगेत

विद्यापीठात लोकांच्या आरोग्यावर आंतरविद्याशाखीय चर्चासत्र भरले की समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र एकमेकांना भेटतात. बहुधा जेवणाच्या रांगेत. सगळ्यांचा आधार एकच, २०११ची जनगणना: तेव्हाच्या औरंगाबाद शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख. पुढे २०२१ची गणना टळली, २०२३मध्ये शहराचे नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झाले. शोधनिबंधांत मात्र एकही माणूस वाढला नाही.

जायकवाडी धरण पन्नासेक किलोमीटरवर, तरी नळाला पाणी कित्येक दिवसांआड. म्हणून घरोघर ड्रम, ड्रममध्ये डासांच्या अळ्या, आणि तापाचे रुग्ण घाटी रुग्णालयात. हा विषय पाण्याचा, आरोग्याचा की राजकारणाचा? विभाग ठरेना, त्यामुळे गाईडही मिळेना.

तोवर आशा स्वयंसेविका गल्लीत माणसे मोजते, ताप विचारते, ड्रममध्ये डोकावते. तिला पीएचडी नाही. मानधन आहे, तेही आले तर.