पुकार झाल्यावर पाच मिनिटांत

कबड्डी स्पर्धेच्या पत्रकावर खाली बारीक अक्षरांत नियम छापलेले असतात. आधार कार्ड सोबत आणावे. पंचांचा निर्णय अंतिम राहील. नियमांत बदल करण्याचा अधिकार कमिटीकडे राहील. आणि पुकार झाल्यावर पाच मिनिटांत संघ मैदानात आला नाही तर तो बाद धरला जाईल. हे सगळे नियम खेळाडूंसाठी आहेत आणि माझी त्यांना हरकत नाही. त्याच पत्रकावर वर मोठ्या अक्षरांत 'सामने सायंकाळी ६ वाजता सुरू होतील' असंही छापलेलं असतं. ते पाळण्याची जबाबदारी कमिटीची असते, आणि ती पाळली गेलेली मी क्वचितच पाहिली आहे.

मी अवसरी बुद्रुकचा. उजवा कोपरा खेळतो. दिवसा चाकणच्या कारखान्यात पहिली पाळी, तीही कंत्राटी. संध्याकाळी सराव. दिवाळी सरली की वैशाखातल्या शेवटच्या यात्रेपर्यंत आंबेगाव, जुन्नर, खेड, शिरूर या चार तालुक्यांत कुठे ना कुठे स्पर्धा असतेच. आपल्या मंडळाकडून खेळलं तर वर्गणीतून पेट्रोल निघतं. दुसऱ्या गावानं बाहेरचा खेळाडू म्हणून बोलावलं तर रात्रीचं जेवण आणि ठरलेले पैसे मिळतात, जिंकलं तर बक्षिसात वाटा. हे पैसे घरच्या हिशेबात धरलेले असतात. कांद्याच्या रोपांवरची एखादी फवारणी, बहिणीच्या कॉलेजची फी त्यातून जाते. म्हणून माइकवरून कुणी 'आपली पोरं हौसेनं खेळतात' असं म्हणालं की मला ते पटत नाही. हौस आहेच, पण हे कामही आहे. कामाच्या ठिकाणी ज्या साध्या गोष्टी असायला हव्यात, त्या इथे नाहीत.

टीव्हीवरची कबड्डी सगळ्यांना ठाऊक आहे. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१९ च्या लिलावात १ कोटी ४५ लाखांना गेला. १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं, तेव्हा कर्णधार होता आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. या मुलांचा मला मनापासून अभिमान आहे. पण लीगमध्ये संघ बारा. त्याखाली रेल्वे, पोलीस, भारत पेट्रोलियम यांचे संघ, आणि त्यांच्याही जागा मोजक्या. राहिलेले सगळे आम्ही, गावोगावच्या चषकांवर खेळणारे. आमच्यातलाच कुणीतरी पुढे वर जाणार असतो. तो जाईपर्यंत त्याचा गुडघा शाबूत राहील की नाही, हे गावची कमिटी सामना कसा भरवते त्यावर ठरतं. म्हणून ज्यांना बारीकसारीक कुरबुरी म्हणतात त्या मी सांगणार आहे.

वेळेचं आधी. सहाचा सामना साडेनऊला सुरू होतो, कारण उद्घाटक आलेले नसतात. कमिटीतले अण्णा येऊन सांगतात, "दादा, पाच मिनिटं थांबा, साहेब आळेफाट्याला आलेत." तोवर खेळाडू वॉर्मअप करतो, थंड होतो, पुन्हा वॉर्मअप करतो. पोटात काही ढकलता येत नाही, कारण पुकार कधीही होईल. उपांत्य सामना रात्री एकला, अंतिम तीनला. बक्षीस समारंभ त्याच्याही नंतर. सकाळी सातला मला चाकणला हजेरी लावायची असते, आणि कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले.

घरी परतण्याचा प्रश्न तर आमच्या भागात साधा नाही. पारगावकडून अवसरीकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आहे. जुन्नर वन विभागातले हेच ते चार तालुके, जिथे बिबट्या उसात राहतो, उसातच पिलं घालतो. संध्याकाळनंतर एकट्यानं बाहेर पडू नका, लहान मुलांना शेतात नेऊ नका, अशा सूचना वन खातं गावोगाव देतं. ग्रामपंचायतीही त्या फळ्यावर लावतात. आणि त्याच गावात सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना पहाटे साडेतीनला दुचाकीवरून घरी जायला मोकळं सोडतात. घरी आई जागी असते. हे मी कितीतरी कमिट्यांना बोललो आहे. ऐकून घेतात, मान हलवतात, आणि पुढच्या वर्षी पत्रकावर पुन्हा सहाच छापतात.

सामना सुरू झाला तरी तो सलग होईल असं नाही. दुसऱ्या डावात, बरोबरी चालू असताना, शिट्टी वाजते आणि माइकवरून घोषणा होते की अमुक गावचे माजी सरपंच, तमुक पतसंस्थेचे संचालक यांचं आगमन झालं आहे. मग शाल, श्रीफळ, फेटा. दोन्ही संघांना रांगेत उभं करून हस्तांदोलन, फोटो. कबड्डीच्या नियमांत प्रत्येक डावात संघाला तीस सेकंदांचे दोन टाइम आउट आहेत आणि दोन डावांमध्ये पाच मिनिटांची विश्रांती आहे. सत्कारासाठी सामना थांबवण्याची तरतूद नाही. पाहुण्यांचा मान राखायला माझा विरोध नाही. तो सामन्याआधी किंवा दोन सामन्यांच्या मध्ये राखावा. घामेजलेलं अंग थंडीच्या रात्री दहा मिनिटं उभं राहून गार पडतं, आणि लगेच पुढच्या चढाईला घोट्यावर झेप घ्यावी लागते. मांडीचा मागचा स्नायू अशाच वेळी फाटतो. मी तो फाटताना शेजारून पाहिला आहे. आमचा डावा कोपरा होता. तो मोसम त्याचा तिथेच संपला.

आता वजनकाटा. यावर मी जास्त बोलणार, कारण यात सगळ्यात जास्त अन्याय होतो आणि यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

खुल्या गटात पुरुषांना ८५ किलोंची मर्यादा असते. पण गावोगावच्या स्पर्धा बऱ्याचदा वजनी गटाच्या असतात, ५५ किलो, ६५ किलो. लहान चणीच्या पोरांना त्यामुळे संधी मिळते, ही चांगली गोष्ट आहे. पण गटात बसण्यासाठी पोरं दोन दिवस आधीपासून भाकरी अर्धी करतात. सकाळपासून पाणी पीत नाहीत. दुपारच्या उन्हात जाकीट घालून धावतात. तोंडात लाळ उरत नाही इतकी सुकतात. आणि वजन होतं ते कांदा-बटाट्याच्या गोण्या तोलायच्या काट्यावर. काटा ठेवलेला असतो शेणानं सारवलेल्या उंचसखल जमिनीवर, एका कोपऱ्याखाली विटेचा तुकडा सरकवून. एकदा उभं राहिलं की ५५ किलो २००, उतरून पुन्हा चढलं की ५४ किलो ९००. कुठला आकडा धरायचा ते काट्याजवळ उभा असलेला माणूस ठरवतो, आणि तो यजमान मंडळाचा असतो. बाहेरगावचा पोरगा दोनशे ग्रॅमनं बाद होतो. यजमानांच्या पोराला "जरा धावून ये बाळा" म्हणून पुन्हा संधी मिळते.

मंचरच्या बाजारात शेतकऱ्याच्या गोणीत किलोभराचा फरक आला तर तो भांडतो, आणि भांडायलाच हवं. व्यापाऱ्याला काटा दर वर्षी वैधमापन खात्याकडून तपासून, शिक्का मारून घ्यावा लागतो. पोराच्या वजनाला तेवढी तरी किंमत असावी. सपाट फरशी आणि शिक्का असलेला काटा, एवढंच लागतं. शाळेच्या व्हरांड्यात फरशी आहे. शिक्क्याचा काटा कुठल्याही आडतीवर मागितला तर एका संध्याकाळपुरता मिळतो. आणि पाचला वजन घेतलेल्या सुकलेल्या पोराला रात्री एकला खेळवू नये. उपाशी अंगानं पकड करताना पाय थरथरतात. ते प्रेक्षकांना दिसत नाही, कोपऱ्यातल्या खेळाडूला दिसतं.

मैदानाचं म्हणाल तर सराव मातीवर, स्पर्धा कधी मातीवर कधी मॅटवर, आणि कुठलं असेल ते गावात पोहोचेपर्यंत कळत नाही. मातीवर अनवाणी खेळायचं, मॅटवर बूट लागतात. बुटाचा जोड सोबत नेला आणि माती निघाली तर ओझं झालं, इतकंच. नेला नाही आणि मॅट निघाली तर मोज्यांवर घसरत खेळावं लागतं. पत्रकावर उद्घाटकांची, स्वागताध्यक्षांची, सौजन्य देणाऱ्यांची वीस-पंचवीस नावं बसतात, फोटो बसतात. 'मॅट' किंवा 'माती' हा एक शब्द बसायला जागा नसते, हे मला मान्य नाही. शिवाय भाड्यानं आणलेल्या मॅटचे तुकडे नीट जोडलेले नसले की मधल्या फटीत पायाचा अंगठा अडकतो. जोडणी तपासायला दोन माणसं आणि दहा मिनिटं पुरतात.

घड्याळाच्या बाबतीत मला जास्त वाईट वाटतं, कारण वेळ कशी मोजायची ते आमच्या गावांना उत्तम येतं. आमच्याकडे शर्यतीत बैलगाडा घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एकेकटा पळतो आणि सेकंदांवर निकाल लागतो. अमुक गाडा ११ सेकंद आणि वर किती शतांश, हे माणसांच्या तोंडी असतं. त्या शतांशावर पहिला नंबर, दुसरा नंबर ठरतो. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी दिली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. एवढी वर्षं गाडामालक लढले. मीही बैलांच्या घरातला आहे, शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा मला आनंदच झाला. पण जी माणसं घाटात शतांश मोजतात, तीच रात्री कबड्डीच्या मैदानात चढाईचे तीस सेकंद तोंडानं मोजतात. चढाईपटू तिसाव्या सेकंदाला आपल्या अंगणात परतला नाही तर तो बाद, हा नियम आहे. शिट्टी छत्तिसाव्याला वाजली तर ते सहा सेकंद बचाव करणाऱ्यांकडून काढून घेतलेले असतात. आम्ही साखळी धरून त्याला रेटत रेटत वेळ संपवत असतो, आणि वेळच संपत नाही. सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी, गुण घ्यावाच लागणारी चढाई कुठली, हे सांगायला गुणलेखकाजवळ तक्ता नसतो. विचारायला गेलं की तोंडावर नियम येतो, पंचांचा निर्णय अंतिम. पंचांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांना कमिटीनं स्टॉपवॉच, तक्ता आणि एक मदतनीस द्यायला हवा. घाटातलं घड्याळ रात्री मोकळंच असतं.

बक्षिसाबद्दल थोडक्यात सांगतो. चषक माणसाच्या कमरेइतका उंच आणि रोख रक्कम 'नंतर देऊ' हे थांबलं पाहिजे. चषकावर खर्च कमी करा, पाकीट पूर्ण द्या आणि मैदानातच द्या.

प्रमाणपत्राचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण घरची माणसं त्या कागदाकडे आशेनं बघतात. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेतली कामगिरी लागते आणि विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. गावच्या चषकाचं, चकाकत्या कागदावरचं, चार फोटोंचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. हे पोरांना कुणी सांगत नाही. ती वर्षानुवर्षं फायलीत कागद साठवतात आणि पोलीस भरतीच्या वेळी त्यांना कळतं. जिल्हा निवड चाचणी कधी, कुठे, नोंदणी कशी, हे प्रत्येक स्पर्धेत माइकवरून एकदा सांगितलं तरी पुष्कळ पोरांची वर्षं वाचतील. माइक तसाही रात्रभर चालूच असतो.

बुवा साळवींचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. फोटोला हार घालतो, नारळ फोडतो. बुवांनी आयुष्य घालवलं ते या खेळाला नियमांची आणि संघटनेची शिस्त लावण्यात. त्यांचा मान ठेवायचा तर घड्याळ, काटा आणि तक्ता मैदानात आला पाहिजे.

शेवटचं मागणं यात्रा कमिट्यांना आहे, आमच्या गावासकट सगळ्यांना. शर्यतीच्या नियमांप्रमाणे घाटात पळण्याआधी बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी करावी लागते, आणि ती योग्यच आहे. त्याच यात्रेत रात्री कबड्डीच्या मैदानात पोरगा गुडघा धरून पडतो, तेव्हा त्याच्यावर गार पाण्याची बाटली ओतली जाते आणि वेदनाशामक फवारा मारला जातो. चार जण त्याला उचलून खुर्चीवर बसवतात आणि सामना पुढे चालू होतो. यंदाची वर्गणी ठरवायला बसाल तेव्हा एका डॉक्टरचं एका रात्रीचं मानधन त्यात धरा. रुग्णवाहिकेसाठी कुणाला फोन करायचा ते नाव आणि नंबर पत्रकावर छापा. जागा कमी पडली तर आम्हा खेळाडूंचे फोटो काढून टाका, आमची काही तक्रार राहणार नाही.