खापर फोडण्याची शास्त्रोक्त पद्धत

भारत हरला की घरोघरी खापर फुटतं, पण ते शास्त्राला धरून फोडणारे जाणकार आता फारसे उरले नाहीत. आमचे भावजी त्यातले एक. त्यांच्या सोफ्याशेजारी बसून टिपलेले हे नियम नवशिक्यांच्या सोयीसाठी देत आहे.

नियम पहिला. गुन्हेगार एकच धरावा. ‘सगळेच वाईट खेळले’ म्हणणाऱ्याशी पुढे बोलणार काय? १९ नोव्हेंबर २०२३ ची अहमदाबादची विश्वचषक फायनल घ्या. कमिन्सने टॉस जिंकून आधी बोलिंग घेतली. दुपारी संथ पिचवर चेंडू थांबून येत होता, रात्री दव पडलं आणि तोच सरळ बॅटवर येऊ लागला. ट्रॅव्हिस हेडने १३७ ठोकले. पण दवाला शिव्या घालून जीव थंड होत नाही. म्हणून के. एल. राहुल. १०७ चेंडूंत ६६, चौकार फक्त एक! पलीकडून विकेट पडत असताना कोणीतरी उभं राहायला हवंच होतं, हे भावजींना सांगून बघा. सोफ्यावरून खेळताना त्यांचा स्ट्राइक रेट दोनशेच्या खाली येत नाही.

नियम दुसरा. अंगण वाकडंच असतं. पिचला दोष देताना पुरावा लागत नाही.

नियम तिसरा, आणि हा मुख्य : एकदा दिलेला दोष मरेपर्यंत परत घेऊ नये. १८ एप्रिल १९८६, शारजा. पाकिस्तानला शेवटच्या चेंडूवर चार हवे होते, चेतन शर्मा यॉर्कर टाकायला गेला, फुलटॉस पडला आणि मियाँदादने सिक्स मारली. आता खोलात गेलं तर त्याच्या आदल्याच चेंडूवर अझरचा थ्रो लागला असता तर तौसीफ रनआउट होता आणि सामना तिथेच संपला असता. पण खोलात जाऊ नये. गावस्करचे ९२ आणि वेंगसरकरचे ५० होते, म्हणजे आपली माणसं सुटली; चेतन सापडला. गंमत पुढेच आहे. ऑक्टोबर १९८७ मध्ये याच चेतनने न्यूझीलंडच्या तिघांचे ओळीने दांडके उडवले. विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक, नागपूरला. भावजी नागपूरचे. त्या दिवशी ते मैदानात होते, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. विचारलं की म्हणतात, ‘‘हो, त्या दिवशी गावस्करने वनडेतलं एकमेव शतक मारलं.’’ आणि हॅटट्रिक? ‘‘ती शारजात घ्यायची होती.’’

नियम चौथा. हुर्यो उडवताना मुदत पाहावी. २०२४ च्या एप्रिलमध्ये वानखेडेवर हार्दिक पंड्याची इतकी हुर्यो झाली की टॉसच्या वेळी संजय मांजरेकरांना माइकवरून लोकांना जरा नीट वागा म्हणावं लागलं. गुन्हा काय, तर मुंबई इंडियन्सची रोहितची कॅप्टनशिप याच्याकडे आली. ती त्याने मागून घेतली की मालकांनी दिली, ही चौकशी वेळखाऊ. जुलैत विश्वचषक घेऊन तोच त्याच मैदानात आला तेव्हा त्याच स्टँडमधून ‘हार्दिक, हार्दिक’. हे मला खरंच आवडत नाही. माणसाला आपलं मानायचं असेल तर आधी माना, नाहीतर नंतरही मानू नका.

नियम पाचवा. खिलाडूवृत्ती दाखवू नये. इथे मात्र गुरूच घसरले आहेत. १९९९ ला चेपॉकवर सचिनने दुखऱ्या पाठीने १३६ काढले. तो आउट झाल्यावर शेपटाने चार धावांत उरलेल्या विकेट फेकल्या आणि आपण पाकिस्तानकडून १२ धावांनी हरलो. चेन्नईकरांनी उभं राहून पाकिस्तानच्या टीमला टाळ्या दिल्या. टीव्हीसमोर भावजीही उभे होते, टाळ्या वाजवत. ताईने पाहिलंय. आजही ‘पाय मोकळे करत होतो’ म्हणतात.

जिंकल्यावर काय करावं याचा नियम भावजींकडे नाही. २९ जून २०२४ ला, त्याच विश्वचषकाच्या फायनलमध्ये, क्लासेन खेळत असताना अक्षर पटेलच्या एका ओव्हरमध्ये २४ निघाले आणि दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० उरले, तेव्हा ‘अक्षरने घालवली’ हा मेसेज त्यांनी टाइप करून ठेवला होता. त्याच अक्षरने बॅटिंगला ४७ केले होते, ते सोडा. मग बुमरा, मग हार्दिक, मग सूर्याचा तो सीमारेषेवरचा कॅच. ताई देवापुढे साखर ठेवायला गेली. भावजी टीव्हीला नाक लावून रिप्ले बघत होते, ‘‘दोरीला पाय लागला असता ना, तर सूर्याला सोडला नसता.’’