फॅमिली फोल्डर आणि कोयता

जीएनएमचा नर्सिंग डिप्लोमा होऊन धारूरच्या दवाखान्यात नोकरी लागली होती. गप्प बसायचं, तर मला पदवीची हौस आली. पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग कॉलेजात जाऊन दोन वर्षांची, इग्नूतून नोकरी सांभाळून तीन वर्षांची. वरचं एक वर्ष बहुधा डुलक्यांसाठी धरलेलं असावं.

नाइट ड्यूटीला पुस्तक उघडलं की वॉर्डाला बरोबर कळतं. सलाईन तेव्हाच संपते आणि आजोबांना तेव्हाच ‘कसंतरी व्हायलंय’. पुस्तकात ‘कसंतरी’ नावाचं निदान नाही. तिथं आधी असेसमेंट, मग नर्सिंग डायग्नोसिस, मग प्लॅनिंग. मी दुसऱ्या रकान्यापर्यंत पोचेतो आमच्या मावशींनी आजोबांना पाठीला दोन उशा लावून उठून बसवलेलं असतं. धाप लागलेल्या माणसाला आधी तेच करायचं असतं, हे पुस्तकात पुढच्या पानावर निघतं.

नाइटिंगेल बाईंचा दिवा सगळ्यांना ठाऊक आहे. पण क्रिमियाच्या युद्धात सैनिक कशाकशानं मेले याची आकडेवारी मांडून त्यांनी रंगीत आकृत्याही काढल्या होत्या. त्याची शिक्षा म्हणून आम्हाला स्टॅटिस्टिक्स.

खरी गंमत झाली ती कम्युनिटी हेल्थच्या फॅमिली फोल्डरची. एक कुटुंब निवडा, नियमित घरभेटी द्या, आरोग्यशिक्षण द्या, मूल्यमापन करा. ज्यानं हे लिहिलं त्यानं दिवाळीनंतरचा धारूर तालुका पाहिलेला नसावा. मी जवळच्या तांड्यावरचं कुटुंब निवडलं, घराचा नकाशा काढला, पाणी कुठून येतं ते लिहिलं. पुढच्या भेटीला गेले तर दाराला कुलूप. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेऊन तो कोयता ऊसतोडीच्या टोळीबरोबर ट्रकमध्ये बसून साखर कारखान्याला निघून गेला होता. आता हंगाम संपेपर्यंत, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, माझी कम्युनिटी कोल्हापूरकडं.

शेजारच्या खोलीत त्याच घरची म्हातारी होती. मी फॉर्म काढला.

“आजी, कुटुंबप्रमुख कोण?”

“मुकादम,” म्हातारी म्हणाली.

“तसं नाही, घरातलं कोण?”

“घरात म्या हाय, शेळी हाय अन् ही दोन लेकरं. लिव्ह काय लिव्हायचं ते. तुझी शाळा अजून सुटंना का गं माय?”

मग घरभेटी फोनवर सुरू झाल्या. सून फडातून बोलायची. मागं कोयत्यांचा सपसप आवाज, मध्येच कुणाची तरी हाक. पहाटे गाडी भरायला उठायचं, दिवसभर तोड, संध्याकाळी कोपीत चूल. त्या बाईला मी पुस्तकाबरहुकूम सांगितलं : आहारात रोज दूध, फळं, हिरव्या पालेभाज्या, जड ओझं उचलायचं नाही, रात्री आठ तास झोप.

पलीकडं क्षणभर काहीच नाही. मग ती म्हणाली, “थांबा सिस्टर, स्पीकरवर टाकते. समद्यांना सांगा.”

मी पुन्हा सगळं सांगितलं. आठ तासांपाशी अख्खी टोळी हसायला लागली.

“अन् सिस्टर, तुम्ही कवा झोपता?”

“माझी आत्ताच नाइट संपली. आता असाइनमेंट लिहायची आहे.”

“आरं, आधी त्या बाईला झोप म्हणावं!” मागून कुणीतरी ओरडलं.

मूल्यमापनाच्या रकान्यात मी लिहिलं : आरोग्यशिक्षणाला उत्तम प्रतिसाद. गटाचा सहभाग उत्स्फूर्त.