चिंतामणी हँग होत नाही

१९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक विंचू चावल्यागत निळे पडले. विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहायची पाळी आली. मायक्रोसॉफ्टने काही यंत्रांसाठी सांगितलेला उतारा काय, तर बंद-चालू करत राहा, वेळ पडल्यास १५ वेळा! धाराशिवच्या सेतू केंद्रातलं पोरगं हे पहिल्या दिवशीच शिकतं.

याउलट, त्याच धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूरच्या देवळातला, प्रश्नाला कौल देणारा चिंतामणीचा गोल दगड बघा. उजवीकडे फिरला तर होकार, डावीकडे फिरला तर नकार, हललाच नाही तर कामाला उशीर. म्हणजे गोठला तरी उत्तर देतो! २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हाही त्याला रिस्टार्ट मारावं लागलं नाही.