गोणी कुणाची, टक्कल कुणाचं?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यात माणसांचे केस मुठीत यायला लागले. आधी डोक्याला खाज, मग केस ओढला की मुळासकट बाहेर, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावं आठवडाभरात दिल्लीच्या चॅनेलांवर झळकली. पुरुषांनी डोकी भादरून घेतली, बायांनी पदर पुढे ओढला, आणि लग्नाळू पोरापोरींच्या सोयरिकी अडल्याच्या बातम्या आल्या. केंद्रातले आरोग्य राज्यमंत्री प्रतापराव जाधव याच जिल्ह्याचे खासदार. त्यामुळे पथकांची काही कमी पडली नाही.

पथकांनी डोकी पाहिली. शाम्पूवर संशय, बुरशीवर संशय, आणि सगळ्यात जास्त पाण्यावर. पाणी हा आमच्याकडचा सराईत आरोपी. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले किडनीचे आजार त्याच्या खात्यावर आधीच जमा आहेत, त्यात आता केस वाढवले. तपासणीत नायट्रेट निघालं, क्षार निघाले, म्हणजे आरोपी मुद्देमालासह सापडला. शिवाय पाण्यावर ठपका ठेवण्यात मोठी सोय असते. ते जमिनीतून येतं, त्याच्या पावतीवर कुणा साहेबाची सही नसते.

या सोयीवर पाणी फिरवलं डॉ. हिंमतराव बावस्करांनी. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगात नाव असलेल्या महाडच्या या पद्मश्री डॉक्टरांनी पदरचे पैसे घालून तपासण्या केल्या आणि हात घातला तो थेट गव्हाच्या डब्यात. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं : १८ गावं, २७९ रुग्ण, आणि रेशनच्या गव्हात इथल्या गव्हाच्या सहाशेपट सेलेनियम, जे जास्त झालं की केस गळतात. गहू धुऊन पाहिला तरी फार फरक नाही. गहू आलेला पंजाब-हरियाणाकडून. आयसीएमआरच्या तपासणीतही रुग्णांच्या शरीरात सेलेनियम वाढलेलं दिसलं. एप्रिलमध्ये त्याच पट्ट्यात लोकांची नखं गळायला लागली. नखं शाम्पूनं धुण्याची पद्धत आमच्याकडे नाही, त्यामुळे तो बिचारा सुटला.

आता पंचाईत झाली. गव्हाच्या मागे सह्यांची रांग असते. मंडी, खरेदी यंत्रणा, अन्न महामंडळ, रेल्वेचा रेक, गोदाम, वाहतूक ठेकेदार, तालुक्याचं गोदाम आणि शेवटी आमचं कंट्रोल, म्हणजे रेशनचं दुकान. विचारत जा. कंट्रोलवाला म्हणतो, “वरून आला भाऊ, म्या काय पेरला का?” गोदामवाला म्हणतो, आम्ही पोती मोजतो, दाणे नाही. ठेकेदार म्हणतो, आपलं काम भाड्याचं. खरेदीवाला म्हणतो, ओलावा पाहिला, काडीकचरा पाहिला, किडके-फुटके दाणे पाहिले, माल पास. प्रत्येकाचं उत्तर त्याच्या जागी बरोबर आहे. सगळी बरोबर उत्तरं एकत्र केली की टक्कल पडतं.

विद्वानांनी यावर कपाटं भरून ठेवली आहेत. अमेरिकेचे डेनिस थॉम्पसन यांनी १९८० साली ‘अनेक हातांचा प्रश्न’ मांडला : निर्णयाला इतके हात लागतात की दोष कुणाच्याच हाताला चिकटत नाही. आमच्या आज्ज्या यालाच ‘बारभाईची शेती, काय लागेल हाती’ म्हणत आल्या, पण त्यांचा निबंध कुठं छापून आला नाही. नेदरलँड्सचे मार्क बोव्हेन्स यांनी २००७ मध्ये आणखी नेमकं सांगितलं. उत्तरदायित्व ही रीतसर व्यवस्था हवी. एकानं हिशेब द्यायचा, समोरच्यानं उलटे प्रश्न विचारून निवाडा करायचा, आणि चुकलं तर त्याची किंमत मोजावी लागेल याची सोय हवी. आमच्याकडे या तिन्हींच्या जागी एकच गोष्ट असते : चौकशी सुरू आहे.

बरं, ज्ञान नव्हतं म्हणावं तर तेही नाही. पंजाबात होशियारपूर-नवांशहरकडच्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, तिथल्या जनावरांचे केस आणि खूर गळतात, हे लुधियानाच्या कृषी विद्यापीठाचे संशोधक कित्येक वर्षं लिहीत आले आहेत. म्हशीला कळलं, प्राध्यापकाला कळलं, नियतकालिकाला कळलं. पोत्याला दोरा घालणाऱ्याला तेवढं कुणी कळवलं नाही. कळवायचं कुणी, हे कुठल्याच कागदावर कुणाचं काम म्हणून लिहिलेलं नसणार.

खासगी धंद्याला नावं ठेवायला आपल्याला आवडतं. पण २०१५ साली मॅगीत शिसं असल्याचा गवगवा झाला तेव्हा कंपनीला देशभरातून पाकिटं परत मागवावी लागली. पुढे मुंबई उच्च न्यायालयानं बंदी उठवली, तो भाग वेगळा. मुद्दा असा की मागवता आली, कारण प्रत्येक पाकिटावर कंपनीचं नाव होतं. कंट्रोलचा गहू पोत्यातून तराजूत पडला की त्याचं आडनाव जातं. मग तो फक्त ‘सरकारी’ उरतो. त्याच्यासाठी ग्राहक न्यायालयात जायचं तर बिल दाखवा म्हणतील, आणि गहू जानेवारी २०२३ पासून फुकट. फुकटाच्या गव्हाचे दात कुणी मोजायचे? इथं तर गहूच केस मोजून घेऊन गेला.

याच जिल्ह्यात भेंडवळ आहे. अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा किती सरकला ते बघून भाकीत सांगतात. गव्हाचा दाणा घटातून बोटभर हलला तर अख्खा महाराष्ट्र अर्थ विचारतो, आणि भाकीत चुकलं की वर्षभर टिंगलही करतो. तोच गहू हजार किलोमीटरहून जास्त सरकून शेगावात येतो, तेव्हा ‘का रे बाबा, कुठून आलास’ एवढंसुद्धा कुणी विचारत नाही.

कायदा म्हणाल तर भरगच्च आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात दक्षता समित्या आहेत, सामाजिक लेखापरीक्षण आहे, जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, राज्य अन्न आयोग आहे. पण रेशनमधली पक्की, यंत्रावर चढलेली, बोट दाखवून सिद्ध करता येणारी जबाबदारी आजवर एकाच माणसावर टाकली आहे : महिन्याला पाच किलो उचलणाऱ्यावर. तो आधार जोडतो, ई-केवायसी करतो, मशिनवर थम लावतो. मजुरीनं रेषा झिजलेल्या म्हातारीला दहादा बोट पुसून पुन्हा लावावं लागतं. गहू खाणारी तीच आहे, याची सरकारला पुरेपूर खात्री हवी असते.

तर एक साधी सूचना. ते मशीन उलट्या बाजूनंही फिरवा. मंडीत माल पास करणाऱ्याचा थम, रेक भरणाऱ्याचा थम, गोदामात उतरवून घेणाऱ्याचा थम, आणि प्रत्येक लॉटचा नमुना प्रयोगशाळेत. मग पुढच्या वेळी बोंडगावच्या माणसानं डोक्यावरून हात फिरवत विचारलं, ‘गोणी कुणाची?’, तर नाव पडद्यावर दिसेल.

अर्थात, तेव्हा नेमका सर्व्हर डाउन असेल.