श्रेयाचा काढा

हवा पालटली की मुलांना खोकला होतो आणि घराघरांत वैद्य जन्माला येतात. आजीचा अडुळसा, काकूंचे ज्येष्ठमध, शेजारच्या वहिनींचे सितोपलादी आणि व्हॉट्सअॅपवरून आलेला कांद्याचा रस असे सगळे एकाच लेकराच्या घशात उतरते. दहा-बारा दिवसांत खोकला जातो, मग श्रेयावरून जुंपते. साधा खोकला मुळात जाण्यासाठीच आलेला असतो, हे कोणी लक्षात घेत नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या २०१३च्या आढाव्यानुसार निम्म्या मुलांचा खोकला दहाएक दिवसांत थांबतो, तर दहांतल्या नऊ जणांचा पंचविसाव्या दिवसापर्यंत. कोंबडे झाकले तरी तांबडे फुटतेच. आपण मात्र कोंबड्याला शाल-श्रीफळ देऊन मोकळे!

‘म्हणजे पूर्वजांचे शहाणपण खोटे?’ अजिबात नाही. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. फरक इतकाच, की तिथे मात्रा मोजलेली असते. इथे ‘चिमूटभर’ असते, आणि ती कोणाच्या चिमटीची हे गुपित असते. खरी गंमत पुढे आहे. काढ्याचा कडूपणा लपावा म्हणून जो शेवटी चमचाभर घातला जातो, त्या बिचाऱ्या मधाच्याच बाजूने त्यातल्या त्यात बरा पुरावा आहे. काहीच न देण्यापेक्षा मध दिल्याने खोकल्याला थोडा उतार पडतो, असे २०१८च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले. म्हणजे नवरदेव मांडवाबाहेर आणि करवल्यांचाच मानपान. अर्थात हा नवरदेवही वर्षाच्या आतल्या बाळाजवळ फिरकता कामा नये. मधातून बोट्युलिझमसारखा जीवघेणा आजार होऊ शकतो. ‘नैसर्गिक आहे, अपाय कसला?’ म्हणणाऱ्यांनी हे तेवढे लिहून ठेवावे.

‘पण सिरपने मुले दगावली, त्यापेक्षा काढा बरा!’ हा मुद्दा वजनदार आहे. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात वीसहून अधिक बालके गेली. त्यांना दिलेल्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे केंद्र सरकारनेही मग बजावले. पण सिरप वाईट ठरले म्हणून पाला आपोआप गुणकारी ठरत नाही. शिवाय ‘हर्बल’ बाटलीही कारखान्यातच भरते. लेबलावर तुळशीचे पान छापल्याने आतल्या द्रवाची तपासणी झाली असे होत नाही. तिच्याकडेही चाचणीचा दाखला मागायला हवा.

तेव्हा श्रेयाचे भांडण खुशाल चालू द्या, फक्त एक डोळा घड्याळावर ठेवा. एक ते पाच वर्षांचे मूल शांत असताना मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, अथवा श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर पातेले गॅसवरून उतरवा आणि त्याला तडक डॉक्टरांकडे न्या.